दादाचा आवाज: व्हीएसटी-२ की व्हीएसटी-३

३ जुलै
दादा गेल्यानंतर आज प्रथमच त्याचा लॅपटॉप उघडला. निमित्त मंडळाच्या तात्यांचे. गणपतीत गावी जाखडी नाचायची, दरवर्षी गाणे नवे, आणि आमच्या मंडळाचा बुवा, म्हणजे मुख्य गायक, दादाच. यंदा गावी जाणे जमणार नाही हे ओळखून त्याने अंथरुणात बसूनच गाणे रेकॉर्ड करून ठेवले होते. मंडळ त्याच आवाजावर नाचणार.
तात्या म्हणाले, "मोठ्या स्पीकरवर नीट वाजंल असं करून दे बाय. तू शिकलेली."
मी गाणे लावून पाहिले. लॅपटॉप तापला, गाणे अर्ध्यावर असताना बंद पडला.

६ जुलै
अंधेरीला नीलेशकडे गेले. दादाचा मित्र, छोटा स्टुडिओ चालवतो. लॅपटॉपमधली फाइल त्याच्या संगणकावर उघडली. मृदंग होता, झांज होती. आवाजाच्या पट्टीवर मात्र लाल अक्षरांत ‘प्लगिन सापडत नाही’.
नि. ने समजावले. प्लगिन म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे छोटे अवजार. दादाची सगळी व्हीएसटी-२ या जुन्या स्वरूपातली; नि. च्या नव्या सॉफ्टवेअरला फक्त व्हीएसटी-३ कळते. मी वहीत उतरवून घेऊ लागले.
"अगं, परीक्षा आहे का? ऐक फक्त." असे म्हणत त्याने प्लगिनशिवायच गाणे लावले.
दादाचा आवाज आला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी धाप. दुसऱ्या कडव्यात खोकला दाबल्याचा आवाज. मग पुन्हा ओढून घेतलेला श्वास, आणि पुढची ओळ सुरात. अगदी सुरात.
नि. ने घाईने बंद केले. "सॉरी यार. मलापण माहीत नव्हतं."

७ जुलै
घरी जुन्या लॅपटॉपवर तेच गाणे ऐकले. स्वच्छ. धाप नाही, खोकला नाही. दादाने आवाजावर ‘गेट’ नावाचे प्लगिन लावले होते. ठरावीक पातळीखालचे सगळे ते गिळते. ओळ संपली की दार बंद.
हेच स्वच्छ गाणे त्याने रेकॉर्ड केल्यावर आईला ऐकवले होते. आई मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली होती, "बघ, दम पुरतोय आता त्याला." त्या दिवशी तिने शिरा केला होता. दादाने दोन घास खाल्ले,

पुढे लिहवत नाही.

१२ जुलै
नि. चा फोन. मार्ग दोन. एक: जुन्या लॅपटॉपवर, व्हीएसटी-२ सकट, आवाज ‘गोठवायचा’. दादाने केला तसाच कायम राहील, पण नंतर त्यात कोणालाही काही बदलता येणार नाही. दुसरा: तेच गेट व्हीएसटी-३ मध्ये मिळते, ते बसवायचे. पण दादाने लावलेली मापे त्यात येत नाहीत. कानाने नव्याने लावावी लागतील.
"आणि ती लावणार कोण?" मी विचारले.
"तू. तुझा भाऊ."
मी ‘गोठव’ म्हणाले. त्याने लपवले ते उघडणारी मी कोण? लॅपटॉपसमोर टेबलफॅन ठेवून काम उरकले. मध्ये बंद पडला नाही.

२० जुलै
असल्फ्याला, मुंबईतल्या आमच्या गावकीच्या खोलीत तालीम. गोठवलेले गाणे लावले. मुले पायांत चाळ बांधून गोलात उभी. पहिली ओळ संपली आणि गोल फुटला. कोणी आधी वळले, कोणी नंतर. पुन्हा लावले, पुन्हा तेच. संतोष, चुलतभाऊ, माझ्यावरच ओरडला, "काय लावलंस गं हे? दादा असा गातो?"
तात्यांनी मृदंग बाजूला ठेवला. "बुवा दम घेतो तवा आमचा पाय वळतो, बाय. लहानपणापासनं तसंच शिकलोय. ह्यात बुवा दमच घेत नाय."
सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला कोणाशीही मान वर करून बोलता येत नाही. आज मात्र सांगावेसे वाटले की दम आहे, मी तो बाहेर ठेवून आले आहे. गाणे बंद केले.

२४ जुलै
नि. कडे. व्हीएसटी-३ बसवले. पडद्यावर एक गोल बटण. ते फिरवले की दार थोडे थोडे उघडते. थोडे उघडले तर श्वास तुटका येतो, उचकीसारखा. त्यावर पाय पडणार नाही. जास्त उघडले तर खोकलाही येतो.
"खोकला कापून टाकू?" नि. ने विचारले.
कापून पाहिला. त्यानंतरचा ओढलेला श्वास नुसताच उरला, कारणाशिवाय. ते अधिकच भयंकर वाटले. परत जोडायला लावला.
शेवटी गेट पूर्ण उघडे ठेवून ऐकले. माझ्या पायाची बोटे आपोआप ओळीच्या शेवटी उचलली जात होती. मला नाचता येत नाही. नि. माझ्या पायांकडे पाहत होता. मग त्याने दुसरीकडे पाहिले.

२६ जुलै
तात्यांचा निरोप: रविवारी शेवटची मोठी तालीम, सगळ्या घरांना बोलावले आहे. कोणते गाणे पाठवायचे ते उद्यापर्यंत नि. ला कळवायचे. गोठवलेले पाठवले तर मुले नाचू शकणार नाहीत, आणि दादाचे गाणे यंदा गावी जाणारच नाही. उघडे पाठवले तर तो शेवटी कसा गायला हे साऱ्या गावकीला कळेल. आणि आईला कळेल की त्या दिवशी त्याला दम पुरत नव्हता.
तिला आधी एकटीला ऐकवावे असा विचार केला. हेडफोन घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. ती कपाटातून नारळी काठाची साडी काढत होती.
"मी पण येते रविवारी. ही नेसू का?"
"नेस."
"त्याचा आवाज मोठ्यानं लावणार ना गं? मागे बसलं तर मला नीट ऐकू येत नाही. तात्यांना सांग, पुढे जागा ठेवा म्हणावं."
हेडफोन मांडीवर तसेच राहिले. नि. चा मेसेज आला आहे: ‘सांग, कुठलं?’
आई साडीला इस्त्री करते आहे.