पक्षी मेला की गेला?

तीर्थरूप मामांस, भाच्याचा पायांपर्यंत वाकून नमस्कार. (वाकल्यावर परत उठेन की नाही शंकाच आहे, इतका खचलोय.) तुमचा गुडघा कसा आहे? माझं म्हणाल, तर तुम्ही एवढी खटपट करून जमवलेलं लग्न मी परवा मोडत आणलं, तेही अगदी नियमाला धरून.

मी पत्त्यांच्या दुकानात पंच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (रमीचे पत्ते नव्हेत हो! ह्यांच्यावर राक्षस नि पशुपक्षी असतात आणि खाली बारीक अक्षरांत प्रत्येकाचे प्रताप. दोन प्रताप एकमेकांना भिडले की खेळाडू हात वर करतात आणि मी जाऊन निकाल देतो.) परवा अंतिम सामन्यात समोरासमोर कोण यावं? माझी होणारी बायको आणि तिचे वडील! दोघांना हे वेड मीच लावलेलं, म्हणजे धोंडा माझा आणि पायही माझाच. तिच्याकडे एक पक्षी होता, त्यावर लिहिलेलं, 'मेल्यास परत येतो.' वडिलांनी वादळाचं पान टाकलं, 'समोरचा प्राणी खेळाबाहेर काढा.' ती म्हणाली, मेला, आता परत येणार. वडील म्हणाले, मेला कुठे, गेला! दोघांनीही हात वर केले. पण नियम स्वच्छ आहे, बाहेर काढलेला प्राणी मेलेला धरत नाहीत. ती हरली.

इथवर ठीक होतं. तिलाही नियम कळतो, तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. पण माझ्या अंगात पंच संचारला होता ना! सगळ्या दुकानादेखत मी तिला म्हणालो, 'खेळाडू क्रमांक दोन, आपण टेबल सोडावं.' ती हसून म्हणाली, 'अरे, मी आहे!' तर पंचाशी सलगी केल्याबद्दल मी तिला ताकीद दिली. वडील बेहद्द खूश, जावई असावा तर असा म्हणून पाठ थोपटली. आणि तिने मला दुकानाबाहेर गाठून विचारलं, उद्या मी आजारी पडले तर आधी नियमपुस्तक उघडशील का? मी म्हणालो, आजारी खेळाडूला सवलतीचं वेगळं कलम आहे. मामा, माझ्या जिभेला काही हाड? तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मला ती हवी आहे हो, नियम गेले चुलीत.

मामींना नमस्कार.

तुमचा (पंचगिरी वगळता) आज्ञाधारक भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. तिने निरोप धाडला, की ह्या भांडणात मामांनी पंच व्हावं, ते म्हणतील ते मान्य. आणि मी गाढवाने हरकत घेतली, की पंच खेळाडूचा नातेवाईक नसावा! तेव्हा कृपा करून माझ्याशी कडाक्याचं भांडा आणि चारचौघांत सांगा, की ह्या भाच्याचं तोंड पाहणार नाही. म्हणजे हरकत आपोआप निकालात निघते.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच कळलं, की माझी बाजू न ऐकताच तुम्ही तिला फोनवर निकाल देऊन टाकलात. पुस्तक घरी ठेवून मी जायचं आणि माफी मागायची. निकाल योग्य आहे, निघालो. पण मामा, माफीचं पहिलं वाक्य काय असतं? तुम्ही इतकी वर्षं मामींची मागत आलात, तेवढं उलट टपाली कळवा. पत्ता तिचाच घाला, तोवर मी तिच्या जिन्यात बसतो.