मयतास अन्य दायाद नाही

सिल्वासा, ४ फेब्रुवारी १९९१

ती. अंजलीताईस,
नंदूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. शर्वरीची दहावी, म्हणून टीव्हीला टाळं लागलंय.

एक काम होतं. बाबांचं आमलीतलं घर माझ्या नावावर करायचंय. वकिलांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, ‘मयतास माझ्याखेरीज अन्य दायाद नाही.’ हा दायाद म्हणजे कोण? वकिलांना विचारायची लाज वाटली. तू तीस वर्षं संस्कृत शिकवतेस, तूच सांग. न समजता सही करू नये, असं बाबा म्हणायचे.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.

तुझा
नंदू

नाशिक, ९ फेब्रुवारी

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद. कमी पडले तर कळव.

शब्दाचा अर्थ विचारलास, धन्य वाटलं. लहानपणी कधी विचारला नाहीस. ‘दाय’ म्हणजे वडिलांकडून वाट्याला येणारं, ‘आद’ म्हणजे ते घेणारा. दायाद म्हणजे वारशातला वाटेकरी. जुन्या शास्त्रकारांनी बायकांना ‘अदायाद’ ठरवलं होतं. तो कायदा जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुझ्या वकिलांना कुणी कळवलेलं दिसत नाही. आज बाबांचे दायाद दोन. एक तू. दुसऱ्याला तू पत्र लिहिलं आहेस.

मी एप्रिलमध्ये निवृत्त होतेय. घरमालकांनी मेअखेर खोली सोडायला सांगितलीय. आमलीच्या घरातली पुढची खोली मला असेल, असं धरून चालले होते. शेवटचे आठ महिने रजा काढून बाबांना तिथेच तर भरवलं मी.

सही केली नाहीस ना? सौ. अदितीस आशीर्वाद.

ताई

सिल्वासा, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र येण्याआधीच सही करून कागद कचेरीत दिला होता. वकील म्हणतात, घाबरू नका, बहिणीची हक्कसोड घ्या. इथे सगळ्याच बहिणी देतात आणि भाऊ त्यांचं माहेरपण करतात. कागद सोबत आहे, फुली केलेल्या जागी सही कर. अदितीने तुझ्यासाठी मोरपंखी साडी आणून ठेवलीय. राहायला कधीही ये, अगदी महिनाभर राहा.

राग नसावा.

नंदू

नाशिक, २१ फेब्रुवारी

चि. नंदूस,
आशीर्वाद. ते हक्कसोडीत येत नाहीत.

साडी सुरेखच असणार, पण तिच्यात चूल मांडता येत नाही. कागद कोराच परत पाठवतेय. मला पाहुणी व्हायचं नाही. पाहुणीला कधी निघणार म्हणून विचारतात.

राग आलाय, आणि त्याहून जास्त वाईट वाटलंय. घर मागितलं असतंस, तर कदाचित दिलंही असतं. तू तर मी नाहीच असं लिहून दिलंस, आणि त्याचा अर्थही मलाच विचारलास.

ताई

सिल्वासा, ५ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, पायांवर डोकं ठेवून.

काल मामलतदार कचेरीत गेलो. वकील आले नाहीत, त्यांना कमीपणा वाटला. मी कारकुनाला सांगितलं, माझं प्रतिज्ञापत्र खोटं आहे, मला बहीण आहे. त्याने विचारलं, इतके दिवस ती कुठे होती. मी म्हणालो, नाशिकला, आणि तिचा पत्ता मला पाठ आहे. सगळी कचेरी हसली. नव्या अर्जात तुझं नाव माझ्या आधी लिहिलंय. तुझी सही लागेल, तेव्हा सामानासकटच ये.

माझ्या शेजारी किलवणी गावचे दोघे भाऊ बहिणीची हक्कसोड घेऊन उभे होते. तेही हसले. बहीण हसली नाही. तिच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने अंगठा पदराला पुसला आणि बाहेर जाऊन बसली.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
नंदू