अकरा मिनिटं वर धरलेला हात

दि. ९ मार्च, दुपारचे दोन
समिती कक्ष, दुसरा मजला

ती. वहिनींना,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळून सतरा दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर का, तर ‘पत्रास कारण की’ इथपर्यंत लिहून तीन कागद फाडले. तीस वर्षं मी पोटासाठी दुसऱ्यांची बोलणी लिहून काढली. स्वतःचं बोलायची वेळ आली की पेन अडतं.

तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घराला जिना नाही हे बरं झालं. इकडे आम्ही धडधाकट. साथ संपून दोन वर्षं झाली तरी तुमची जाऊ अजून बाहेरून आलेली भाजी दोनदा धुते. मी काही बोललो की म्हणते, “भाजीचं काही जात नाही, तुमचं का जातंय?” आमच्या संसदेतले विरोधक तिच्यापुढे काहीच नाहीत.

हल्ली मी बसनं येत नाही. चालत येतो, पन्नास मिनिटं लागतात. घरी सांगितलंय की डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही.

तुम्ही लिहिलंत, “त्या दिवशी संध्याकाळी फोनवर हे म्हणाले, धाकट्यानं मला पाहिलं, आता काळजी नको. त्या समाधानात ते गेले, भाऊजी. तुमचे उपकार कसे फेडू?” वहिनी, उपकाराचा शब्द तुम्ही मागे घ्यावा म्हणून हे पत्र आहे.

माझं काम घरात कोणाला कधी नीट कळलं नाही. दादा सगळ्यांना सांगायचा, “धाकटा संसदेत आहे,” आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, निवडून आलाय. मी संरक्षण समितीचा कारकून. सैन्यासाठी आणि माजी सैनिकांसाठी अंदाजपत्रकात जे मंजूर होतं ते खरोखर त्यांच्यापर्यंत पोचलं का, हे ही समिती विचारते. सदस्य प्रश्न करतात, खात्याची माणसं उत्तरं देतात. प्रश्नांची यादी मी करतो आणि बैठकीचं इतिवृत्त मी लिहितो. आम्हाला नियम दोनच. यादीत स्वतःचा प्रश्न घुसडायचा नाही. आणि समोरच्या विषयात आपलं रक्ताचं माणूस असेल तर आधी लेखी कळवून बाजूला व्हायचं. त्या वर्षापर्यंत मी दोन्ही पाळले होते.

साथीत सगळं पडद्यावर आलं. या कक्षात बावीस खुर्च्या आहेत, त्यातल्या विसांवर कागदी फुल्या चिकटवलेल्या. एका टोकाला अध्यक्षबाई, दुसऱ्या टोकाला मी. बाकीचे सदस्य आपापल्या घरून भिंतीवरच्या पडद्यात, कोणाच्या मागे वाळत घातलेले टॉवेल, कोणाच्या मांडीवर नात. “उंटावरून शेळ्या हाकायच्या,” असं अध्यक्षबाई म्हणायच्या, पण प्रत्येक कागद वाचून यायच्या. हे मुद्दाम लिहितो. त्या ऐकून घेणाऱ्या बाई होत्या.

त्याच दिवसांत दादाचा माजी सैनिकांच्या निवासातून फोन आला. भेटी बंद झाल्याला तेव्हा महिना उलटला होता, तुम्हीही त्याला पाहिलं नव्हतं. तुमच्याशी तो काय बोलायचा मला माहीत नाही. बहुधा जेवण झालं का एवढंच विचारत असेल. मला म्हणाला, “धाकट्या, सहा यंत्रं आलीत, ऑक्सिजनची. जिन्याखाली खोक्यांत पडलीत.”

“बसवली नाहीत?”

“बसवणाऱ्याला आत यायला बंदी आहे. आणि कागदावर ती भिंतीला लागलीसुद्धा. कचेरीबाहेरच्या फळ्यावर मी स्वतः वाचलं.”

“मग अर्ज दे ना.”

“दिला. अर्ज अधीक्षकाकडेच द्यायचा असतो. त्यानं तो नीट घडी घालून खणात ठेवला.” मग म्हणाला, “काल शेजारच्या खाटेवरचा तोफखान्यातला गेला रे. खोक्यांपासून चाळीस पावलांवर. मी चालून मोजली.” बोलताना त्याला मधे दम खायला लागत होता. मी विचारलं तर म्हणाला, जिना चढून आलो.

तेव्हाच मी लेखी कळवून बाजूला व्हायला हवं होतं. पण बाजूला झालो असतो तर दादाचं ऐकणारं तिथे कोणी उरलं नसतं. म्हणून मी शहाणपणा केला. समितीत एक वकील सदस्य होते. समोर ठेवलेला कागद ते खणखणीत आवाजात वाचायचे आणि आधी कधी उघडायचे नाहीत. त्यांच्या नावावर मी तिसरा प्रश्न घातला: निवासांना पुरवलेली यंत्रं प्रत्यक्ष बसवून चालू झाली आहेत काय? रात्रीच दादाला कळवलं. म्हणालो, “मंगळवारी अकराला तुझा प्रश्न येतोय. तुमच्या अधीक्षकांनाच उत्तर द्यायचंय. तू काही करू नकोस.”

“बरं,” म्हणाला. दादाच्या ‘बरं’चा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मंगळवारी अधीक्षक पडद्यावर आले. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि दाराबाहेर बाकावर दादा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, मास्क हनुवटीपर्यंत खाली ओढलेला. चेहरा ओळखू यावा म्हणून ओढला असणार. वकील सदस्यांनी तिसरा प्रश्न वाचला आणि दादानं हात वर केला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. त्यांच्या पलटणीत अशीच पद्धत होती, बोलायचं असेल तर हात वर, आणि परवानगी मिळेपर्यंत खाली नाही. लहानपणी मला पाढे शिकवतानाही तो तसाच हात करायला लावायचा.

अधीक्षक म्हणाले, यंत्रं प्राप्त झाली आहेत. अध्यक्षबाईंनी विचारलं, “प्राप्त झाली की बसवली?” ते म्हणाले, माहिती घेऊन कळवतो. मग नियम, बंदी, ठेकेदार असं बरंच बोलत राहिले. मागे हात वरच होता. थोड्या वेळानं दादानं डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार दिला, पण हात खाली घेतला नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी सतरा दिवस लागले.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, पडद्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. “कोण आहेत हो ते मागे? केव्हापासून हात वर करून बसलेत.” नियमानं त्यांना कोणालाही बोलतं करता येत होतं. ‘तिथले रहिवासी आहेत, बोलायचं म्हणतात,’ एवढंच मी म्हणायचं होतं. खोक्यांचं सगळं दादानं एका वाक्यात सांगितलं असतं.

मी म्हणालो, “निवासाचा कर्मचारी असावा, मॅडम.”

“मग हात कशाला वर?”

“दिव्याचं बटण शोधत असेल.”

पडद्यातले चार-पाच सदस्य हसले. वकील तर मनापासून हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

दोन वर्षं मी स्वतःला बजावतोय की प्रश्न टिकावा म्हणून तसं बोललो. दादाला आधी नाव सांगावं लागलं असतं, आणि भावाचा प्रश्न भावानं घातला हे उघड झालं असतं तर प्रश्नच रद्द झाला असता. हे खोटं नाही. पण त्या क्षणी आधी मनात काय आलं ते मला माहीत आहे. आधी नोकरी आली. त्या आठवड्यात आमच्यातल्या सहा जणांना घरी बसवलं होतं. प्रश्नाचा विचार नंतर आला, तोंड उघडून मिटल्यावर.

अकराव्या दिवशी दादा गेला. प्रश्नाचं लेखी उत्तर सत्तेचाळिसाव्या दिवशी आलं: ‘यंत्रे बसवण्याची कार्यवाही सुरू आहे.’ वरातीमागून घोडं. ते उत्तर मीच फाईलला लावलं. अंत्यविधीला दहा माणसांना परवानगी होती आणि तुम्ही माझी जागा धरून ठेवली होती. मी अधिवेशनाचं कारण सांगितलं. वहिनी, त्या दिवशी अधिवेशन नव्हतं. मी इथेच बसून होतो, फुली मारलेल्या एका खुर्चीवर.

तेव्हापासून मला हात दिसतात. बसमध्ये दांड्याला धरून माणसं उभी असतात, म्हणजे सगळ्यांचेच हात वर. एकदा तिसऱ्या थांब्यालाच उतरलो. तेव्हापासून चालत येतो. बैठकीत कोणी हात वर केला की माझं लक्ष आधी त्याच्या मागे जातं, दार उघडं आहे का बघायला. हा पडदा सुरू होताना चित्र यायच्या आधी काही क्षण नुसता काळा असतो. त्या वेळी मी खाली बघतो. पडद्यात टोपी दिसते असं मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील, आणि डॉक्टर औषध देतील, आणि मग कदाचित ती दिसायची बंद होईल. तेही मला नको आहे.

त्या बैठकीचं चित्रण कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे असते. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी ते पाहतो. किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. हात अकरा मिनिटं वर आहे. सदस्य हसतात, आणि त्यानंतर हात खाली येतो. हळू येतो. अधीक्षकांच्या टेबलावर स्पीकर होता, आणि तो मोठा लावलेला होता, कारण त्यांना कमी ऐकू येतं. माझा आवाज दादा अंधारातही ओळखायचा.

मग त्यानं ऐकलं का? की हात भरून आला म्हणून खाली घेतला? तुमचं पत्र येईपर्यंत मी दुसऱ्या उत्तराला धरून होतो. आता तुम्ही लिहिता, तो म्हणाला, धाकट्यानं मला पाहिलं, काळजी नको. ऐकलं नसेल तर तो खरंच निश्चिंत होता. ऐकलं असेल तर वहिनी, त्यानं तुमच्याशी बोलतानाही मला पाठीशी घातलं. लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या काचा तो स्वतःच्या नावावर घ्यायचा, तसंच. यातलं कुठलं खरं, ते मला त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून कळत नाही. हात खाली घेतल्यावर तो उठला आणि पाठ करून गेला.

आता आजचं सांगतो. समितीनं साथीत निवासांमध्ये दगावलेल्या माणसांचा आढावा घ्यायला घेतलाय. अध्यक्षबाई त्याच आहेत. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि खात्यानं पाठवलेल्या टिपणातून मी एक वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं: ‘निवासातील कोणाही रहिवाशाने समितीपुढे म्हणणे मांडण्याची इच्छा व्यक्त केली नाही.’ सवयीनं उतरवलं, शुद्धलेखनही तपासलं. त्याच संध्याकाळी घरी तुमचं पत्र येऊन पडलेलं होतं.

हे वाक्य राहिलं तर विषय कायमचा मिटतो. कोणाला झळ लागत नाही, अधीक्षकांना नाही, खात्याला नाही, मला तर मुळीच नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तुमच्या जावेला अजून काही माहीत नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे.

सकाळी मी ते वाक्य काढलं. अध्यक्षबाईंकडे गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, प्रश्न कोणी घातला तेही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “मी तुम्हाला विचारलं होतं. मला आठवतंय, मी विचारलं होतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. नंतर म्हणाल्या, चित्रण समितीसमोर दाखवावं लागेल, तुम्हाला साक्ष द्यावी लागेल, आणि तोवर या कक्षाच्या किल्ल्या जमा करा. पाचच्या आत करायच्या आहेत. हे पत्र मी इथे बसून लिहिलेलं शेवटचं.

साक्ष एकवीस तारखेला, सकाळी अकराला आहे. गेलेल्यांच्या घरच्यांना बसायची परवानगी आहे. येण्याजाण्याची सोय समिती करते, गुडघ्यांसाठी खाली चाकाची खुर्चीही असते. या, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तुम्ही त्याच्याबरोबर अडतीस वर्षं काढलीत. तो पाठ करून जाताना दुखावलेला होता की नुसता दमलेला, हे तुम्हाला एकदा पाहून कळेल. कळलं तर मला सांगा. दुखावलेला होता असं असलं तरी सांगा, लपवू नका. दादानं लपवलं असेल तर तेवढं पुरे झालं.

आणि नाही आलात तरी त्या दिवशी चित्रण थांबवून मला विचारतील, मागे बाकावर बसलेले हे गृहस्थ कोण? त्या प्रश्नाचं उत्तर मी आधी तुम्हाला लिहून देतो, आणि खाली सहीही त्याच नात्यानं करतो.

त्यांचा सख्खा धाकटा भाऊ