शंभराच्या आत

१४ ऑगस्ट
विजेचं बिल आलं. दोनशे सत्त्याऐंशी युनिट! महिनाभर घराला कुलूप होतं. शरयूचे दिवस झाले आणि निमिष मला शिरवळला घेऊन गेला, परवाच सांगलीला परतलो. चूक आहे हे उघड आहे. शरयू असती तर एव्हाना विजेच्या ऑफिसात पोचली असती.

१६ ऑगस्ट
जाऊन आलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "घर बंद होतं ना काका, म्हणून मागच्या महिन्यांची सरासरी लावलीय. अर्ज द्या, पुढच्या रीडिंगला दुरुस्त होईल."
मागचे महिने म्हणजे शरयूचे. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू होतं तेव्हाचे. म्हणजे त्यांच्या हिशेबात ते अजून चालूच आहे.
अर्ज आणला. भरला नाही.

१९ ऑगस्ट
निमिषचा फोन. "बाबा, दिलात का अर्ज? त्यात काय विचार करायचा!" देतो म्हणालो.

२१ ऑगस्ट
आज तिची सुनावणी आठवली. दर वाढवायचा तर कंपनीला आधी आयोगापुढे खर्च मांडावा लागतो, आयोग लोकांच्या हरकती ऐकतो, मग दर ठरतो — हे मला तिच्यामुळे कळलं. पेपरातली जाहिरात वाचून तिने हरकत पाठवली, आणि आम्ही एसटीने पुण्याला! पदर खोचून उभी राहिली. "घर बंद असलं तरी स्थिर आकार कशाला?" साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही वीज वापरा न वापरा, खांब आणि तारा तुमच्यासाठी उभ्याच असतात."
परतताना म्हणाली, "ते पटलं मला. कोळशाचं नाही पटलं. कोळसा महाग पडला की फरक दोन-तीन महिन्यांनी आपल्या बिलात. ताटावरून उठल्यावर भाव सांगतात, काय हो!" मागच्या सीटवरचा माणूस मोठ्याने हसला. तिने त्याला कंदी पेढा दिला. माहेर साताऱ्याचं — स्टँडवर उतरून पेढे घेतल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही.

२४ ऑगस्ट
मला वाटायचं, शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच महाग. "अहो, पहिले शंभर स्वस्तच राहतात. वरचे तेवढे महाग," ती सांगायची. तरी शंभराच्या आत राहायचं हा तिचा हट्ट. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मीटर बघायला बाहेर. "ब्याऐंशी झाले! आता इस्त्री बंद." मग मी चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला. किती चिडायचो!
मशीन आल्यावर तिला उठवेना. मीटर तिच्या खिडकीबाहेरच, पण पलंगावरून दिसत नसे. नाकात नळी, आणि विचारायची, "किती झाले?" मी बाहेर जाऊन यायचो. "ब्याण्णव." पहिल्याच महिन्यात खरा आकडा सांगितला होता, तर माझ्या नकळत मशीन बंद केलं तिने. ओठ निळे पडले. तेव्हापासून रोज शंभराच्या आत. तिने पुन्हा कधी खोदून विचारलं नाही.
हिशेबाची एवढी पक्की बाई. शेवटी माझ्या खोट्या आकड्यावर विसंबून गेली. हे मनातून जात नाही.

२५ ऑगस्ट
अर्ज टेबलावरच.

२ सप्टेंबर
मशीन गेलं. शेजारचा अश्फाक घेऊन गेला, त्याच्या आईला — अख्तरबींना — लागतंय. दारात थबकला. "काका, लय वीज खातं का हो हे?"
"खाऊ दे," म्हणालो.
दुपारी अर्ज देऊन आलो.

१३ सप्टेंबर
मीटर वाचायला नाथाजी आला. नेहमीचाच. आकडा घेतला, मग खिडकीकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "काकी हितनंच हाक मारायच्या. 'नाथाजी, खरं किती झालं रं?' मी सांगायचो, दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद. म्हणायच्या, 'ह्यांच्याजवळ बोलू नगंस. शंभराच्या आत सांगताना त्यांचं तोंड लय गोड दिसतंय.'"