काठोकाठ भरलेलं कोठार

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

हे पत्र लिहायची वेळ तुमच्या धाकट्या बंधूंमुळे आली. मागच्या पंधरवड्यात त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं की गावाचं बियाण्याचं कोठार काठोकाठ भरलं आणि ते सगळं माझ्यामुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर लिहावं लागतंय. तुम्ही उद्घाटनाला येणार म्हणालात असंही कळलं. येऊ नका. (रागाने म्हणत नाही. कारण पुढे येईल.)

नमस्कार आधी करायचा असतो, तो राहिला, इथे करते. तब्येत कशी आहे? मानेचं दुखणं उतरलं का? आईंची उशी अजून तीच वापरता ना? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे यांचा गुडघा, माझी पाठ आणि विहिरीचं पाणी सोडून बाकी सगळं. फोन मीही करू शकले असते. पण आई गेल्यावर त्यांच्या वस्तू वाटल्या, तेव्हापासून आपण दोघी यांच्यामार्फतच बोलतो (उशी तुम्ही नेलीत, कात्री मी ठेवली आणि जे काही म्हणायचं होतं ते दोघींनी तेव्हाच म्हणून घेतलं), आणि यांच्या हाती दिलेला निरोप पोचेपर्यंत निम्मा गळून जातो. पत्रात मधे कोणी नसतं. मी काही मागायला लिहीत नाहीये, हेही आत्ताच सांगून टाकते.

तुमच्या वेळचा पाऊस आता राहिलेला नाही. यायचा तेव्हा येत नाही, आणि आला की घर बदलणाऱ्या माणसाने सगळं सामान एकदम दारात ओतावं तसा ओततो. मग नेमका कणीस भरायच्या वेळी बेपत्ता. मागच्या वर्षी आपलं उतारावरचं सगळं रान उभ्या उभ्या करपलं. शेजारच्या शिंपीणबाईंचं तर सलग दुसऱ्यांदा गेलं. (त्या तुमच्या नंतर आल्या इथे राहायला. कपडे शिवतात आणि उरलेल्या वेळात नवऱ्याला कामाला लावतात.) यंदाही तसंच झालं तर घराला कुलूप घालून शहरात भावाकडे जायचं त्यांनी ठरवलंय. नुसतं ठरवलेलं नाही, शिवणयंत्र बांधून न्यायला लाकडी खोकं आणून ओट्यावर ठेवलंय. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते खोकं समोरच दिसतं. मी कामाची बाई आहे, खोक्यांकडे बघून उसासे टाकत नाही. पण या बाई गेल्या तर या गल्लीत माझ्याशी बरोबरीने भांडायला कोणी उरणार नाही, हेही खरं.

त्या करपलेल्या रानात एकच गोष्ट हिरवी होती. शिंपीणबाईंच्या बांधावर आपोआप उगवलेला काळा राळा. आई पेरायच्या तोच. दाणा खसखशीहून थोडा मोठा, पीठ काळपट, मळणीला चिवट, बाजारात नेला तर व्यापारी पोत्यात हातसुद्धा घालत नाही. म्हणून आपण सगळ्यांनीच तो कधीचा सोडला. त्याला मात्र कोणी सांगितलं नव्हतं, तो आपला बांधावर उभा.

हेच बघून एका संस्थेचे साहेब गावात आले. सज्जन माणूस, पण पडद्यावर चित्रं दाखवल्याशिवाय बोलता येत नाही. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची क्षमता बायकांमध्ये कशी निर्माण करायची, यावर त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. (लग्न होऊन या घरात आल्यापासून मी दुसरं काय करतेय, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. समोर हे बसले होते म्हणून गप्प राहिले.) कल्पना मात्र चांगली होती. प्रत्येक घराने आपल्याकडचं जुनं, कमी पाण्यावर तगणारं बी थोडं थोडं द्यायचं, ते एका ठिकाणी नीट ठेवायचं, पेरणीला ज्याला हवं त्याने न्यायचं आणि पीक आल्यावर थोडं वाढवून परत करायचं. किल्ली माझ्याकडे आली, कारण एके काळी मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते, आणि त्या पदवीचा दारातलं गवत उपटण्यापलीकडे उपयोग झालेला नव्हता. कोठारासाठी आपली मागची खोली दिली. त्यासाठी यांचे दुरुस्त होता होता राहिलेले पंखे बाहेर काढावे लागले. बाकी काही होवो न होवो, त्याबद्दल मी साहेबांची जन्मभर आभारी राहीन.

मग मी दारोदार जाऊन सांगून आले. बी उत्तम आणा. निवडून आणा, पाखडून आणा, खडा चालणार नाही, कचरा चालणार नाही, डबे सगळ्यांच्या नजरेसमोर राहणार आहेत. यातला एकही शब्द मी आजसुद्धा मागे घेत नाही.

आणि लोकांनी आणलं हो! इतक्या झटपट या गावात कुठलंच काम झालेलं मी पाहिलं नाही. घराघरातून डबे आले, मडकी आली, वर स्वच्छ फडकी बांधलेली. आत पांढरी, टपोरी, मोत्यासारखी ज्वारी. मांडण्या पुरेनात. साहेबांनी फोटो काढले, एका डब्यात हात घालून स्वतःचाही काढून घेतला. त्याच संध्याकाळी यांनी तुम्हाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी किराणावाला घरी आला. हा माणूस आपण होऊन कोणाच्या दारात जात नाही, तो हात जोडून उभा. म्हणाला, बाई, तुमच्या कोठाराने माझी ज्वारीची पोती झाडून संपवली, असं काहीतरी दरवर्षी काढत जा. मी त्याला चहा दिला. तो पीत होता आणि मी मनात डबे मोजत होते. तो गेल्यावर मी एकेक डबा उघडून परातीत ओतला. प्रत्येक डब्यात त्याच्या पोत्यांना असते त्या जांभळ्या सुतळीचे तंतू. शेवटी आपला डबा काढला, मानाचा, पहिल्या मांडणीवरचा. तो यांनी भरला होता. त्यातही जांभळी सुतळी.

यांना विचारलं तर म्हणाले, “मग? सगळं गाव बघणार, त्यात आपल्या घराने काळंबेरं ठेवायचं?”

वन्सं, दुकानातली ज्वारी खाण्यासाठी असते. ती कुठल्या तरी कालव्याकाठी पाणी पिऊन वाढलेली, कीड लागू नये म्हणून कशाकशाची धुरी घेतलेली. मी मूठभर घेऊन ओल्या फडक्यात बांधून ठेवली. बहुतेक दाण्यांना बुरशी आली. जे थोडे उगवले त्यांचा तोरा असा की रोज पाणी घातलं नाही तर मान टाकतात. म्हणजे कोरड्या वर्षासाठी म्हणून आम्ही एक खोलीभर लाडावलेले पाहुणे गोळा केले.

मग मी शिंपीणबाईंकडे गेले. बांधावरचा काळा राळा त्यांनी कापून ठेवल्याचं मला माहीत होतं.

“होता ना, चांगला मडकंभर होता,” त्या म्हणाल्या. हाताखाली यंत्र चालूच.

“होता म्हणजे?”

“कोंबड्यांना घातला. तुमच्याकडे ज्वारी घालून द्यायला मडकं नको का रिकामं करायला?”

“अहो बाई, तोच हवा होता! त्याच्यासाठीच तर कोठार काढलं!”

त्यांनी यंत्र थांबवलं. “तो? तो काळा, बारका, उंदराच्या लेंड्यांसारखा दिसणारा? तुमच्या त्या झळझळीत डब्यांच्या रांगेत? आणि तुम्ही दारात उभं राहून सांगून गेलात, कचरा चालणार नाही म्हणून. मला वाटलं, बाईंनी मलाच टोमणा मारला.”

अंगणात त्यांच्या कोंबड्या फिरत होत्या. इतक्या तुकतुकीत कोंबड्या मी आयुष्यात पाहिल्या नाहीत. दारातून निघताना मी खोक्याकडे बघितलं, त्यांनी मला बघताना बघितलं, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

नंतर मी घरोघर पुन्हा हिंडले. सगळीकडे तीच कथा. सुगडात होता तो पाखरांना घातला, कोनाड्यात होता तो झाडून टाकला, घरातलं हलकं लोकांसमोर कसं न्यायचं. जुनं बी जपायचं कोठार उघडलं आणि त्या निमित्ताने गावाने होतं नव्हतं ते जुनं बी संपवून टाकलं. आज सकाळी साहेबांचा फोन आला. शेजारची गावं आमचं कोठार बघून शिकायला येणार आहेत म्हणे. मी बरं म्हटलं आणि फोन यांच्या हातात दिला. मी थकलेय, वन्सं. माणसाने आळस केला तर ओरडता येतं. चांगुलपणाने घोळ घातला तर कोणावर ओरडायचं?

तेव्हा उद्घाटनाला येऊन काय बघाल? किराणा दुकान तुमच्याही गल्लीत असेल. मानेला जपा. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना तो चालत नाही म्हणून नमस्कार.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं, ते नमस्काराजवळ लिहिलं होतं. तिथवर माझा विचार पक्का झालेला नव्हता. आईंच्या उशीत कापूस नाही, काळा राळा आहे. मानेला थंड पडतो म्हणून त्यांनी भरला. मीच पाखडून दिला होता, म्हणून खात्रीने सांगते. आईंनी आपल्या शेवटच्या दोन वर्षांत पेरला त्यातला आहे, अजून जीव असेल. निम्मा उगवला तरी आपलं आणि शिंपीणबाईंचं उताराचं रान पेरून होईल, आणि पुढच्या वर्षी बाकीच्यांचं.

आणखी ता. क. मान दुखली की तुम्ही उशी तव्यावर शेकता असं हे म्हणाले. त्यांच्या बऱ्याच गोष्टी खोट्या निघतात, ही निघू दे. शेकली असली तरी तसं लिहू नका, चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि काय होतं ते कळवा.

आणखी एक. उद्घाटनाला येऊ नका म्हटलं. पेरणीला या. राळ्याचा डबा स्वतःच्या हाताने आणा, यांच्यामार्फत नको.

दूधगाडीच्या चालकाजवळ तुमच्यासाठी दिलेल्या वस्तू: नवी उशी एक, कापसाची, माझ्या हातची. खोळी दोन. पत्र्याचा रिकामा डबा एक, झाकण घट्ट बसतं, राळा ओतायला. आईंची कात्री एक. उशीची शिवण फार बारीक आहे, दुसऱ्या कात्रीने उसवणार नाही. कात्री परत पाठवू नये.