वहिनी खरं सांगत होत्या

जबलपूर,
२० सप्टेंबर २०२४

ती. इंदिरावहिनींना,
विनताचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या महिन्यात भय्यासाहेब डोळे दाखवायला इकडे आले, तेव्हा म्हणत होते की तुम्ही सिहोऱ्याच्या बाजारातही पायी जात नाही आता. तेल गरम करून लावत जा. इकडे आम्ही ठीक. श्रद्धाचं एमएस्सी सुरू झालं. मी अजून त्याच शाळेत, नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते.

यंदा महालक्ष्म्या साध्याच केल्या. सोळा भाज्या नाही, पाचच. माझी तब्येत बरी नव्हती एवढं भय्यासाहेबांनी तुम्हाला सांगितलं असेल. काय झालं होतं ते सांगितलं नसेल, कारण मीच त्यांना थांबवलं होतं. दोनदा फोन लावायला घेतला. पण तुम्ही "हो, बरं" म्हणून लगेच ठेवता, आणि मध्ये तुटलं तर पुन्हा बोलायची हिंमत व्हायची नाही. म्हणून लिहून राहिले.

आधी माझं सांगते.

गेल्या दिवाळीनंतर मला पाळी आली नाही. अठ्ठेचाळीस झाली, म्हणजे गेली, असं मी धरून चालले. खरं सांगू, सुटले असं वाटलं. रात्री घाम यायचा, चिडचिड व्हायची, ते सगळं त्यातच धरलं. जुलैत सकाळी मळमळायला लागलं. मी जिरं-ओवा खाऊन शाळेत जायची. दहावीच्या वर्गात एकदा खडू हातातून पडला आणि मी खुर्चीत बसले ती उठताच येईना. श्रद्धानं जबरदस्तीनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी झाली आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, ये गैस नहीं है. आठ हफ्ते का गर्भ है."

मी म्हटलं, "अहो, माझी तर पाळी गेली."

त्या हसल्या नाहीत. शांतपणे समजावलं. सलग बारा महिने एकदाही पाळी आली नाही, तरच गेली म्हणायचं. त्याच्या आधी ती चार महिने, आठ महिने दडी मारते, आणि मध्येच कधी बीज सुटतं. ते कोणाला कळत नाही. बारा महिने पूर्ण झाल्यावर मात्र सहसा आपोआप दिवस राहत नाहीत, पण पन्नाशीच्या आतल्या बाईनं त्यानंतरही काही काळ जपावं. "औरतें यहीं धोखा खाती हैं," म्हणाल्या. मी पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवून राहिले, वहिनी. मला हे माहीत नव्हतं. पुस्तकात एक ओळ आहे, "साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान मासिक पाळी थांबते." मी ती ओळ वाचून पुढे जायची.

आम्ही ते ठेवलं नाही. माझी साखर वाढलेली, बीपीची गोळी चालू. ह्यांनी सांगितलं, "तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे." मी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी नीट केलं, श्रद्धा पूर्ण वेळ जवळ होती. दुसऱ्या कोणाला हे लिहिलं असतं तर इथंच थांबले असते. पण ज्याच्यासाठी तुम्ही वीस वर्षं वाट पाहिली ते माझ्याकडे न मागता आलं आणि मी परत पाठवलं, हे तुम्हालाच लिहिताना हात थांबतो. तरी लिहिते, कारण हे लपवून पुढचं लिहिलं तर ते अर्धंच होईल.

सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या मला तुम्ही आठवल्या होत्या. ह्यांच्याही आधी, श्रद्धाच्याही आधी.

दोन हजार तीनचा श्रावण. तुम्ही पंचेचाळीसच्या, मी सत्तावीसची. मला चौथा महिना होता आणि सासूबाई मला जमिनीवर पाय ठेवू देत नव्हत्या. तुम्ही स्वयंपाकघरात मला बाजूला घेतलं. "विनता, सहा महिने झाले, पाळी नाही. पण हे जाणं वाटत नाही मला. फोडणीचा वास सोसवत नाही. तू ओमती चौकातल्या औषधाच्या दुकानावरून जातेस ना शाळेत, ती दिवस तपासायची पट्टी आणून दे. मला मागायला लाज वाटते."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी विसरले म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, दुकानदार ओळखीचा आहे, कशाला हसं करून घेता. आणि त्याच दिवशी जेवताना सगळ्यांसमोर बोलले, "वहिनी, पाळी गेल्यावर दिवस राहत नाहीत. आम्हाला शिकवलंय बीएस्सीला. हे मनाचे खेळ असतात." तुम्ही ताट तसंच ठेवून उठल्या. भय्यासाहेबही, तुमचे यजमान असून, म्हणाले, "विनता शिकलेली आहे, तिला कळतं." झालं. त्यानंतर तुम्हाला डॉक्टरकडे नेण्याचा विषय घरात कोणी काढला नाही.

पुढे महिन्याभरात तुम्हाला त्रास झाला. दोन दिवस. सासूबाई म्हणाल्या, "जाताना असंच जातं." तिसऱ्या दिवशी तुम्ही न्हाणीघरातून बाहेर आल्या, हातात धुऊन मऊ झालेल्या पातळाच्या घडीत काही जपून धरलेलं होतं. मला म्हणाल्या, "एकदा बघ. तू तरी बघ."

मी बघितलं नाही. पोटुशीनं असलं बघू नये म्हणून तोंड फिरवलं. पुढच्या वर्षी तुम्ही वेगळ्या होऊन सिहोऱ्याला गेल्या. घरात म्हणायचे, मूल नाही म्हणून इंदिरेच्या डोक्यावर थोडा परिणाम झाला. मीही म्हणायची.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा पट्टी आणली असती, दवाखाना केला असता, तर ते राहिलं असतं का? त्या म्हणाल्या, "पंचेचाळीसव्या वर्षी बरेचदा टिकत नाही. सांगता येत नाही." माझं मन हलकं व्हावं म्हणून सांगत असाव्यात. नाही झालं. मूल राहिलं असतं की नसतं, तो देवाचा भाग. तुमचं ऐकायचं होतं, तो माझा भाग होता.

आणि खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण मला माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. पट्टी दहा-पंधरा रुपयांची, आणि दुकान रस्त्यावरच. लग्न झाल्यापासून त्या घरात सगळं तुमच्या हातात होतं, चाव्या तुमच्याकडे, मान तुमचा. त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते. पोटुशी मी एकटी होते, आणि मला एकटीलाच राहायचं होतं. एवढंच आहे ते. याच्याखाली आणखी काही नाही, मी फार शोधून पाहिलं.

भय्यासाहेब डोळ्यांसाठी आले तेव्हा मी त्यांना आणि ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. पट्टीचंही. भय्यासाहेब म्हणाले, "ती मला वर्षभर सांगून राहिली होती, की मी खोटं नाही बोलत. काहून नाही ऐकलं मी?" मग म्हणाले, "तू लिही. माझ्यानं तोंडानं नाही सांगवणार." म्हणून एवढे दिवस तेही तुमच्यासमोर गप्प असतील. त्यांच्यावर रागवायचं तर रागवा, पण हे पत्र वाचून झाल्यावर.

मला माफ करा, असं लिहिणार होते. लिहून खोडलं. ते मागायची घाई मला नको. उत्तर नाही पाठवलं तरी चालेल.

फक्त एक कळवते. यंदाच्या महालक्ष्म्यांच्या हळदी-कुंकवाला शेजारच्या राजश्रीनं सहज विचारलं, "तुमच्या मोठ्या जाऊबाईंना मूलबाळ नाही ना?" आजवर मी "नाही" म्हणत आले. ह्या वेळी सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "एक होतं. तिसऱ्या महिन्यात गेलं." श्रद्धा तिथंच होती, तिनंही ऐकलं. आता ह्या घरात कोणीही विचारलं तर हेच सांगितलं जाईल.

तुमच्या हातातलं तेव्हा न बघितलेली,
विनता