दोष नाही, गूढ आहे

३ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. तरी अक्षर जरा नीट काढतोय, पुढचं कोणी सांगावं!

आमच्या गेमची कथा झाली. नायिका घड्याळं दुरुस्त करते. लहानपणी दुकानाला आग लागून तिचे वडील गेले. एका जुन्या घड्याळाच्या मदतीने ती भूतकाळात जाते, वडिलांना आगीतून बाहेर काढते, परत घरी येते. खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामी. समाप्त. वाचताना माझेच डोळे भरून आले.

३ जून, संध्याकाळी
आमच्याकडे गेममधल्या चुका, म्हणजे बग, शोधायला एक बाई आहेत. ऑफिसात सगळे त्यांना शंकाताई म्हणतात. चुकांच्या यादीत 'उडी मारल्यावर पाय जमिनीत रुततात' असलं काहीतरी असावं. ताईंनी लिहिलंय: वडील वाचले, तर मुलगी मुळात भूतकाळात जाईलच कशाला?

मी शेरा मारला, 'दोष नाही, गूढ आहे.' बग बंद. वाक्य छान सुचलं.

५ जून
दुसरा बग. नायिकेला घड्याळ आणून देते ती म्हातारी झालेली नायिकाच. मग ते मुळात बनवलं कोणी? गूढ. बंद.

तिसरा: वडील वाचले, तर शेवटी खुर्ची रिकामी का? याला मात्र थोडा वेळ लागला. गूढ. बंद.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं, बघ कसल्या शंका काढतात. ती म्हणाली, ते घड्याळ असं पुन्हा पुन्हा फिरतंय तर झिजत कसं नाही? घरचं माणूसच विरोधी पक्षाला मिळालं.

६ जून
कंपनीच्या मालकांनी बोलावलं. म्हणाले, तुम्ही बंद केलेले बग मी पुन्हा उघडलेत. कथा नीट करा, नाहीतर गेमचा दुसरा भाग दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईन. मी म्हणालो, रविवारी एका बैठकीत मिटवतो.

दुसरा भाग गेला तर मी कोण? व्हिजिटिंग कार्डावर 'कथालेखक' छापून घेतलंय. सासऱ्यांना दोन दिलीत.

८ जून, रविवार
सहाला उठून बसायचं ठरलं होतं. नऊला उठलो. मोठा कागद घेऊन काळाचा नकाशा काढला, तीन रंगांत बाण. दुपारपर्यंत नायिका एकाच गल्लीत एकाच वेळी तीनदा उभी! बायकोने विचारलं, बाथरूमचे पाइप बदलायचे आहेत का?

कागद गुंडाळून ठेवला. खेळाडूला सगळं समजावून सांगणं म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान. मी अपमान करणार नाही.

२० जून
गेम बाजारात. बग तसेच. मालक माझ्याशी बोलत नाहीत. तारीख गाठायची म्हणून सगळेच घाईत होते, एकट्या माझ्यावर कसला राग!

२४ जून
जिंकलो! लोक शेवटावर फिदा आहेत. म्हणतात, नायिका घरात येते तेव्हा रिकाम्या खुर्चीत क्षणभर वडील दिसतात आणि नाहीसे होतात. ते आहेत की नाहीत? यावर नेटवर नुसती हाणामारी चालू आहे.

हे मी लिहिल्याचं आठवत नाही. पण मोठ्या लेखकांचं असं होत असावं. हात आपोआप लिहितो.

२६ जून
एका गेमिंग चॅनेलने मुलाखत घेतली. मी सांगितलं, त्या क्षणासाठी कित्येक रात्री जागलो. वडिलांचा डावा हात खुर्चीच्या हातात घुसलेला का दिसतो, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, माणूस आणि आठवण वेगळी करता येत नाही, हे त्यातून सुचवायचं होतं. स्वतःवरच खूश झालो. मालकांनी खांद्यावर हात ठेवला. दुसरा भाग माझाच.

३० जून
एका बाईंचा मेल आला. मालकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. बाईंचे वडील गेल्या वर्षी गेले. घरात शिरताना अजून बाईंची नजर वडिलांच्या खुर्चीकडे जाते. तो प्रसंग पाहून त्या खूप रडल्या, आणि मग बरं वाटलं. एवढंच विचारलं होतं: तुम्हाला हे कसं कळलं?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला. तेवढ्यात आमचा प्रोग्रॅमर, जो आठवड्यातून एखादं वाक्य बोलतो, उठला आणि म्हणाला, चूक माझी आहे. खुर्चीची उंची तपासायला वडिलांना तिथे बसवलं होतं. काढायचे राहिले.

मालकांनी मला विचारलं, मग तुम्ही रात्री कशासाठी जागत होतात?

१ जुलै
मालकांनी बाईंना खरं काय ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं: हरकत नाही. जे काढायला विसरले, त्यांना माझे आभार सांगा. बाकीची गोष्ट मला नीटशी कळली नाही.

प्रोग्रॅमर तोंड फिरवून डोळे पुसत होता. मलाही भरून आलं. पण माझं कारण वेगळं होतं, आणि त्याची लाज वाटली.

७ जुलै
दुसरा भाग शंकाताई लिहिणार. सोबत प्रोग्रॅमर. मालक त्याला म्हणाले, काही काढायचं राहिलं तर राहू दे.

माझ्याकडे नवशिक्या खेळाडूंसाठीच्या सूचना.

९ जुलै
पहिली सूचना लिहिली: 'उडी मारण्यासाठी बटण दाबा.' शंकाताईंकडून परत आली. कोणतं बटण?

चार वेळा वाचली. त्यांचं बरोबर होतं. 'हिरवं' असं घातलं. पास झाली.

बायकोला फोन करून सांगितलं.